बारा फूट, दहा माणसं, दहा लाख

१८९७ साली ब्रिटनच्या संसदेने अपघाताची भरपाई देणारा कामगार कायदा केला, तेव्हा इमारतीवर राबणाऱ्या माणसालाही त्यात जागा मिळाली. अट अशी, की इमारत तीस फुटांहून उंच असावी आणि तिचं बांधकाम किंवा दुरुस्ती परांची बांधून चाललेली असावी. पाडकाम आणि यंत्रावर चालणारी कामंही धरली होती, पण तीस फुटांची रेघ तिथेही होतीच. अठ्ठावीस फुटांवरून पडणाऱ्याची हाडं काही कमी मोडत नाहीत, हे तिथल्या कायदेकर्त्यांना उमगायला नऊ वर्षं लागली. १९०६ च्या नव्या कायद्यात उंचीची अट गेली.

ती फुटपट्टी मग हिंदुस्थानात आली आणि इथे चांगली रुळली. १९२३ साली दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाने कामगार नुकसानभरपाई कायदा मंजूर केला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कोणत्या धंद्यातल्या कोणत्या कामाला हा कायदा लागू, याची यादी दुसऱ्या परिशिष्टात होती. त्या यादीतल्या बांधकामाच्या नोंदीचं जे रूप पुढे दीर्घकाळ टिकलं ते असं: इमारत एकाहून जास्त मजल्यांची असावी, नाहीतर जमिनीपासून छपराच्या आढ्यापर्यंत बारा फूट किंवा त्याहून उंच असावी. गावातलं बुटक्या छपराचं घर, गोठा, कुंपणाची भिंत या कामांवर कोणी जायबंदी झाला, तर तो या यादीत सापडणं कठीण.

बारा फुटांच्या वरच्या माणसालाही आणखी एक दार ओलांडावं लागे. ज्याचं काम तात्पुरत्या स्वरूपाचं आहे आणि ज्याला मालकाच्या धंद्याव्यतिरिक्त कामासाठी लावलं आहे, तो या कायद्याच्या लेखी कामगारच नव्हता. किराणा दुकानदाराने दुकानात ठेवलेला नोकर या अपवादात येत नसे. त्याच दुकानदाराने राहत्या घरावर कौलं शाकारायला दोन दिवसांसाठी बोलावलेला माणूस कामगार नव्हे. ठेकेदारामार्फत आलेल्या मजुराची जबाबदारी मूळ मालकावर टाकणारं कलम होतं, पण तेही मालकाच्या व्यापार-धंद्यासाठी दिलेल्या ठेक्यापुरतं. स्वतःसाठी घर बांधणं हा कोणाचा धंदा नसतो. म्हणजे घरमालक सुटला. उरला ठेकेदार, आणि लहान कामावरचा ठेकेदार बहुधा स्वतःच हातात थापी घेऊन भिंतीवर उभा असे.

नाक्यावरून उचललेल्या मजुराला वगळणारे हे शब्द कायद्यातून निघाले डिसेंबर २००० मध्ये. शहात्तर वर्षं ते तिथे होते.

कायद्याच्या आधीचा काळ पाहिला तर बांधकाम आणि माणसाचा जीव यांचा हिशेब आपल्याकडे दंतकथांमध्ये मांडलेला दिसतो. पुरंदर किल्ल्याच्या शेंदऱ्या बुरजाची कथा प्रसिद्ध आहे. बुरूज उभा राहीना, पुन्हा पुन्हा ढासळे, म्हणून पायात एका तरुण जोडप्याला जिवंत गाडलं, अशी ती कथा सांगते. ती खरी मानायचं कारण नाही. पण तिच्या मागचा समज, की मोठं बांधकाम बळी घेतंच, पुढे बराच काळ जिवंत राहिला. आजही पाया भरताना नारळ फुटतो, कुठे कोंबडं कापलं जातं, दसऱ्याला थापी, ओळंबा, गुण्या यांची पूजा होते. नवस आणि पूजा हीच ज्या धंद्याची सुरक्षा-यंत्रणा होती, त्या धंद्यात अपघात म्हणजे देवाचा कोप किंवा नशिबाचा भोग. त्याला जबाबदार धरायला माणूस नव्हता.

माणसांची रचना मात्र अगदी व्यवहारी होती, आणि तिला पक्का आकार दिला रेल्वेने. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ असं चाललं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ते विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराला दिलं, त्याने पोटठेकेदारांना, त्यांनी मुकादमांना. गावोगावच्या टोळ्या बायकापोरांसह घाटात येऊन राहिल्या. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तंट्यावरून कर्जतजवळ मजूर गोऱ्या देखरेखवाल्यांवर चालून गेले. थोड्याच दिवसांत फेव्हिएलने काम सोडलं. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षाच्या अखेरीस खंडाळ्यात आजाराने वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका आपल्या नावावर पुढे चालवला. १८६१ च्या सुरुवातीला घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसं राबत होती. पटकीने आणि तापाने ती हजारोंनी मेली. ट्रेडवेल बाईंचं नाव इतिहासात राहिलं. मेलेल्या मजुरांची नावं कोणत्याही वहीत नव्हती, कारण कंपनीचा हिशेब मुकादमाशी होता आणि मुकादमाचा डोक्यांशी.

घाट कापून झाला, पण ती उतरंड मोडली नाही. मालक, ठेकेदार, पोटठेकेदार, मुकादम, टोळी. दिवाळी-दसऱ्याच्या आगेमागे मुकादमाने गावात जाऊन उचल द्यायची, उचल फिटेपर्यंत टोळीने त्याच्यामागून साइटवर साइट करायची. मजुरावर हुकूम चालवणारा, त्याला पैसे देणारा, त्याला आजारपणात दवाखान्यात नेणारा आणि तो पडला तर घरी कळवणारा माणूस एकच, मुकादम. तो बहुधा त्याच्याच जातीचा, त्याच्याच गावचा, नात्यातला. त्याच्यावर दावा लावायचा म्हणजे घरातल्या माणसावर लावायचा. तालुक्याच्या गावी दुमजली बंगला चालू असेल तर आजही रचना हीच, फक्त टोळी लहान.

धोक्याचं रूप मात्र बदलत गेलं. चुन्याच्या आणि लाकडाच्या काळात भिंत सावकाश चढे. चुना घाण्यात मळायचा, मुरवायचा, थर सुकू द्यायचा. घाई करायची म्हटली तरी करता येत नसे. गवंडी स्वतःच रचलेल्या भिंतीच्या अंगाने वर सरके. बांबू किंवा वासे उभे करून, भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या भोकांत आडवे वासे खोचून आणि काथ्याने आवळून परांची तयार होई. तिच्यावरून लोक पडत. चुन्याने डोळे जात. मातीच्या भिंती पावसात बसत. पण पाच-दहा माणसं एका क्षणात गाडली जातील असं छत डोक्यावर नसे.

ते आलं सिमेंट आणि सळईबरोबर. मुंबईत १९२० च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हच्या इमारती. ही मोठी कामं होती, इंजिनियर हजर असत. लहान कामांत स्लॅब खऱ्या अर्थाने शिरला तो स्वातंत्र्यानंतर. पुण्यापुरतं बोलायचं तर १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे मातीचे वाडे बसवले आणि शहर बाहेर सरकू लागलं. गोखलेनगरसारख्या वसाहती वसल्या, पुढे सोसायट्या आणि बंगले आले. त्यांना लागणारा मजूर १९७२ च्या दुष्काळाने पुरवला. मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून, कर्नाटकातल्या विजापूर भागातून शेतं सोडून आलेली माणसं. त्यांच्यातले वडार आणि बेलदार पिढ्यान्‌पिढ्या दगड-मातीत होते. बाकीच्यांनी घमेलं पहिल्यांदाच उचललं. ज्याने आयुष्यात जोत्याहून उंच काही बांधलं नव्हतं तो दोन महिन्यांत तिसऱ्या मजल्याच्या कडेला उभा होता. त्याला शिकवायला कोणी नव्हतं. शेजारचा जसं करतो तसं करायचं, हेच शिक्षण.

शेजारचा तसं का करत होता, हे कळण्यासाठी स्लॅबचा दिवस जवळून पाहायला हवा.

स्लॅब एका दमात भरावा लागतो. अर्ध्यावर सोडला तर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि तिथून पाणी गळतं. म्हणून सकाळी नारळ फोडून मिक्सर सुरू झाला की छत पुरं होईपर्यंत थांबायचं नाही. मग संध्याकाळ होवो की रात्र. टोळी दिवसाच्या रोजावर नसते, तिने काम उक्तं घेतलेलं असतं: एवढ्या चौरस फुटांचे एवढे पैसे, किती माणसांत आणि किती तासांत उरकायचं ते तुम्ही बघा. लवकर उरकलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पैसा तोच आणि रात्रीची झोप पदरात. शिडीवरून किंवा लाकडी उतारावरून घमेल्यांची साखळी लागते. हातापायाला तेल चोळून लोक ओल्या काँक्रीटमध्ये उतरतात, कारण सिमेंट कातडी खातं. व्हायब्रेटरची वायर पाण्यातून जाते, तिच्या टोकाला पिन नसते, उघड्या तारा खोक्यात काडीने दाबलेल्या असतात. कडेला कठडा नसतो, कारण कठडा असला तर कडेची सळई नीट बांधता येत नाही आणि बांधून झाल्यावर तो लावायला कोणाला पैसे ठरलेले नाहीत. शेवटच्या दोन तासांत माणसं पेंगुळलेली असतात. काम उतरलं की मालकाकडून जेवण, बऱ्याच ठिकाणी मटण, आणि वर बक्षिसी. या सगळ्यात निष्काळजीपणा कुठला आणि कामाची रीत कुठली, हे वेगळं काढून दाखवणं सोपं नाही.

स्लॅब भरल्यावरचा धोका कमी दिसतो, पण जीव घेण्यात तो मागे नाही. खालच्या टेकूंचा हिशेब भारतीय मानक ४५६ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू सात दिवस काढायचे नाहीत, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. सहा मीटरच्या वरच्या तुळईचे एकवीस दिवस. लहान कामावर प्लेटा, बल्ल्या आणि जॅक सेंटरिंगवाल्याचे असतात. त्याला ते पुढच्या साइटवर हवे असतात, तिथला मालक ताटकळलेला असतो. त्यामुळे चौदा दिवसांचे दहा होतात, थंडीत काँक्रीट सावकाश धरतं हे लक्षात न घेता आठही होतात. ज्या मुलाला खाली घुसून पहिला टेकू ठोकून सोडवायला सांगितलं जातं, त्याने मानक वाचलेलं नसतं आणि वाचलेलं असतं तरी त्याचा सल्ला कोणी विचारलेला नसतो.

१९२३ च्या कायद्यातल्या तिसऱ्या कलमाकडे या नजरेने पाहिलं की ते वेगळंच वाचता येतं. मालकाने भरपाई द्यावी, असं सांगून लगेच ते अपवाद देतं. मजूर दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल. सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला हुकूम किंवा केलेला नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल. सुरक्षेसाठी दिलेलं साधन त्याने जाणूनबुजून काढून टाकलं असेल. आणि अपघात त्यामुळेच झाला असेल, तर मालक भरपाईतून मोकळा. सुरुवातीला हे अपवाद कोणत्याही इजेला लागू होते, मृत्यूलाही. दहा वर्षांनी, १९३३ च्या दुरुस्तीत, मृत्यू त्यातून वगळला गेला: मेलेल्या मजुराचा दोष दाखवून त्याच्या विधवेचे पैसे अडवता येणार नाहीत. कायमचं पूर्ण अपंगत्व वगळायला १९९५ उजाडावं लागलं. मधल्या बासष्ट वर्षांत ज्याचे दोन्ही पाय गेले त्याच्यासमोर मालकाचा वकील हुकूम मोडल्याचा मुद्दा काढू शकत होता. भरपाईची रक्कम सुरुवातीला प्रौढ मजुराच्या मृत्यूला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते.

कायदा करणारे निर्दय होते असं नव्हे. त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात याहून कडक बचाव होते. अपघात सोबत्याच्या चुकीने झाला तर मालक जबाबदार नाही, आणि धोका माहीत असून मजुराने काम घेतलं तर धोका त्यानेच पत्करला, असे दोन. हिंदुस्थानात १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने पहिला बचाव काढून टाकला आणि दुसऱ्याला मर्यादा घातली. मधल्या काळात ना. म. जोशींसारखे प्रतिनिधी कायदेमंडळात होते. १९२९ च्या शाही मजूर आयोगावरही जोशी बसले. मजुरांच्या बाजूने कायदा सरकला तो अशा धक्क्यांनी. पण हे धक्के गिरणी, गोदी, खाण आणि रेल्वे यांच्या बाजूने बसत होते, कारण संघटना तिथे होत्या. बिगाऱ्याची संघटना नव्हती. त्याचा मालक दर महिन्याला बदलत असे.

मजुराच्या वागण्यावर बोट ठेवणाऱ्या विचाराला याच सुमारास अमेरिकेतून आकड्यांचं पाठबळ मिळालं. हर्बर्ट हाइनरिख हा विमा कंपनीत नोकरी करणारा माणूस. १९३१ च्या आपल्या पुस्तकात त्याने मांडलं, की शंभरातले अठ्ठ्याऐंशी अपघात माणसाच्या चुकीच्या कृतीमुळे होतात, दहा असुरक्षित परिस्थितीमुळे आणि दोन टळण्यासारखे नसतात. त्याचा आधार होता विम्याच्या दाव्यांची आणि कारखान्यांच्या अहवालांची कागदपत्रं. ती भरणारे होते मुख्यत्वे मालक आणि सुपरवायझर. अपघात कशाने झाला, या रकान्यात सुपरवायझर स्वतःचं नाव कशाला लिहील? नंतरच्या अभ्यासकांनी या आकड्यांवर कडक टीका केली. तरीही पोस्टर, शपथ, सूचना आणि शिस्त यांवर उभ्या राहिलेल्या सुरक्षा-प्रशिक्षणाच्या मुळाशी तो ८८ चा आकडा जगभर बराच काळ होता. आपल्याकडे १९६६ साली मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली; ४ मार्च हा तिचा स्थापना दिवस आता सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. कारखान्यात त्या दिवशी झेंडा लागतो आणि शपथ होते. गल्लीतल्या तीन मजली कामावर तो दिवस आल्याचं कळतही नाही.

हेल्मेटचंच घ्या. लहान साइटवर बाई घमेलं डोक्यावरून वाहते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, घमेल्यात वीस-पंचवीस किलो माल. तिने हेल्मेट घालावं असा नियम केला तर चुंबळ कुठे ठेवायची? हेल्मेटची टोपी गोल आणि गुळगुळीत, त्यावर ओझं ठरत नाही. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रिकाम्या डोक्याने चालणारा, हातात अवजार धरलेला पुरुष असावा. सेंटरिंगवाल्याच्या पट्ट्याचंही तेच: पट्ट्याचा हूक अडकवायला वर काहीतरी पक्कं असावं लागतं, आणि कडेची बल्ली स्वतःच हलत असते. साधन दिलं आणि त्याने वापरलं नाही, असं नोंदवता येतं. ते वापरता येण्यासारखं होतं का, याला रकाना नाही.

घमेल्यांची साखळी मोडली ती उपदेशाने नाही, यंत्राने. १९९० नंतर शहरांत तयार काँक्रीटचे ट्रक आणि पंप आले, लहान गावांत लिफ्ट लावलेले मिक्सर पोचले. शिडीवरून ओझं घेऊन चढणं कमी झालं, त्याबरोबर पडणंही. याचा दुसरा पदर असा, की स्लॅबच्या दिवशी बायकांना मिळणारं कामही गेलं. त्यांना गवंडीकाम कोणी शिकवलेलं नव्हतं. वीस वर्षं साइटवर काढलेली बाई बिगारीच राहते आणि तिच्यानंतर आलेला पोरगा पाच वर्षांत मिस्त्री होतो, ही या धंद्याची जुनी चाल आहे.

या बायकांची मुलं वाळूच्या ढिगाऱ्यावर खेळत. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत गांधी शताब्दी प्रदर्शनाच्या बांधकामावर ते पाहिलं आणि तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून उभी राहिलेली ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था पुढे मुंबई-पुण्यातही आली. पाण्याची उघडी टाकी, लिफ्टचा उघडा खड्डा, वरून पडणारी वीट यांपासून मूल दूर ठेवण्याचं काम आधी झालं ते असं, कायद्याच्या बाहेर. कायद्यात आलं तेव्हा त्याला पुन्हा आकडा चिकटला: पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तर पाळणाघर.

बांधकाम मजुरांचा १९९६ चा तो कायदा यायला एक निकाल आणि एक मोठी मोहीम कारणीभूत झाली. १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत घाईने बांधकामं चालली होती. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने तिथल्या मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. किमान वेतनाहून कमी मजुरी म्हणजे वेठबिगार, असं न्यायमूर्ती भगवतींच्या निकालात म्हटलं गेलं, ते सर्वांना माहीत आहे. त्याच निकालात बांधकाम हा धोकादायक रोजगार आहे आणि चौदा वर्षांखालचं मूल त्यावर लावता येणार नाही, हेही म्हटलं गेलं. बालमजुरीच्या १९३८ च्या कायद्यातल्या धोकादायक कामांच्या यादीत बांधकाम नव्हतंच. दगडाखाली बोट आलेल्या कोणत्याही पोराने हे आधी सांगितलं असतं.

त्यानंतर न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखाली बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायद्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. कल्पना गोदी कामगारांच्या आणि महाराष्ट्रातल्या माथाडींच्या मंडळांच्या जवळची होती. १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिलं होतं, की ज्याचा मालक रोज बदलतो त्याचा हिशेब मंडळाने ठेवायचा आणि लेव्ही सगळ्या मालकांकडून गोळा करायची, तर अंगमेहनतीच्या माणसालाही भविष्य निर्वाह निधी आणि रजा मिळू शकते. संसदेने १९९६ मध्ये जे मंजूर केलं त्यात मंडळ आणि उपकर राहिला, माथाडीसारखी कामाची वाटणी गळली. आणि तीन आकडे आले. दहा किंवा अधिक मजूर असलेल्या कामालाच कायदा लागू. स्वतःच्या राहत्या घराचं काम दहा लाखांच्या आत असेल तर मालक त्यातून बाहेर. सुरक्षा समिती पाचशे मजूर असतील तर.

दहा हा आकडा कागदावर लहान वाटतो. लहान साइटवर मात्र कोणत्याही एका दिवशी दहा माणसं एका ठेकेदाराची नसतात: तीन गवंडी एका मिस्त्रीचे, चार सेंटरिंगवाले दुसऱ्याचे, नळवाला आणि वायरमन आपापले. स्लॅबच्या दिवशी वीस येतात, पण ते टोळीचे. कायद्याने मागच्या बारा महिन्यांतला कोणताही दिवस धरायला सांगितलं होतं. तो दिवस सिद्ध करायला हजेरीपट लागतो आणि हजेरीपट मुकादमाच्या खिशातल्या डायरीत असतो. महाराष्ट्राने या कायद्याखालचे नियम २००७ साली केले, म्हणजे कायद्यानंतर अकरा वर्षांनी. त्या अकरा वर्षांत पुण्याभोवती आणि ठाणे-नवी मुंबईत किती इमारती उभ्या राहिल्या हे कोणालाही खिडकीतून दिसतं.

नियम आल्यावर सगळं सुधारलं असं झालं नाही. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा उभी राहात असलेली इमारत कोसळली आणि चौऱ्याहत्तर माणसं गेली. ती काही महिन्यांत चढवली होती. वर मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबं राहात होती. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला पावसात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली. बिहारहून आलेले पंधरा जण, त्यांत मुलंही, झोपेत गेले. या दोन्ही ठिकाणी मजुराने काही चुकीचं केलं असेल तर ते एवढंच, की ठेकेदाराने दिलेल्या जागेत तो राहिला. हेल्मेट, पट्टा, शपथ यांचा इथे काही संबंध नाही.

एरवी मरण एकेकट्याचं असतं, आणि त्याची बातमी होत नाही. आयआयटी दिल्लीच्या दोन अभ्यासकांनी २०१६ साली देशातल्या बांधकामांवर वर्षाला साडेअकरा हजारांहून अधिक मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला. अंदाज म्हणायचं कारण साधं आहे: लहान साइटवरचा मृत्यू चौकीत अपमृत्यू म्हणून किंवा निष्काळजीपणाच्या कलमाखाली नोंदला जातो, ठेकेदार गाडी करून देतो, काही रक्कम हातावर ठेवतो आणि कुटुंब गावी जातं. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात मृत्यूची रक्कम थेट कुटुंबाला द्यायची परवानगीच नव्हती. ती आयुक्ताकडे जमा करावी लागे, ती याच तडजोडी थांबाव्यात म्हणून. आयुक्तापर्यंत जाणाऱ्या कुटुंबाला ठेकेदाराचं पूर्ण नाव माहीत असावं लागे. पुष्कळांना ते फक्त ‘शेठ’ म्हणून माहीत असे.

२००७ च्या नियमांखालचं महाराष्ट्राचं कल्याणकारी मंडळ आता मजुरांना सुरक्षा संच देतं. पत्र्याच्या पेटीत हेल्मेट, बूट, जॅकेट, बॅटरी, डबा. उपकराच्या पैशातून मिळणारी ही चांगली गोष्ट आहे. पण हेल्मेट पुरवणं हे कायद्याने मालकाचं काम होतं, ते सरकारी रांगेत उभं राहून मजुराने आणायचं झालं. आणि रांगेत उभं राहायला नोंदणी लागते, नोंदणीला मागच्या वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचं प्रमाणपत्र. ठेकेदार ते सहजी देत नाही, कारण सही केली की हा माझा मजूर होता हे त्याने कबूल केल्यासारखं होतं. ग्रामसेवकाकडून किंवा पालिकेकडून मिळवायचं तर एक दिवसाचा रोज बुडतो. त्यामुळे नोंदणी करून देणाऱ्यांची दुकानं तालुक्याच्या गावी निघाली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत बांधकामाचा १९९६ चा कायदा विलीन झाला. दहा माणसांची अट तशीच आहे. राहत्या घराची मर्यादा दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली, आणि सरकारला वाटलं तर आणखी वर नेता येते. महागाई पाहता दहा लाख अपुरे होते हे खरं. पण पन्नास लाखांत सातारा, जालना किंवा अकोल्याला दोन मजले, वर टाकी आणि पुढे पोर्च असं घर उभं राहतं. त्याला दोन स्लॅब लागतात, तीस फुटांची परांची लागते आणि उक्तं काम घेतलेली टोळी लागते.